तुमचा क्रेडिट रिपोर्ट, बँकेच्या आधी तुम्ही वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

शेतकरी सातबारा काढतो तेव्हा त्याची नजर आधी 'इतर हक्क' या रकान्याकडे जाते. कर्ज फेडलं, मग बोजा उतरला का? तसाच एक उतारा कर्जदारांपैकी बहुतेक सगळ्यांच्या नावाने तयार होत असतो. तो म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, आपल्या कर्जांचा आणि हप्त्यांचा लेखाजोखा. आपण त्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो. आणि आपल्यातल्या अनेकांना त्याची पहिली ओळख होते ती बँकेत, "तुमचं सिबिल बसत नाही" हे ऐकताना. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की बँकेने तो कागद वाचण्याआधी तुम्ही वाचा.

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. ती २००० साली मुंबईत सुरू झाली. आज एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क धरून अशा चार क्रेडिट कंपन्या आहेत. त्या २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत चालतात. बँका, फायनान्स कंपन्या, बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स संस्था, सगळे आपल्या कर्जांची माहिती यांना पाठवतात. २०२५ पासून ती किमान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते. या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळवण्याचा तुम्हाला हक्क आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जायचं, पॅन आणि मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी टाकायचा. आपला रिपोर्ट आपण पाहिला म्हणून स्कोअर, म्हणजे आपल्या कर्जफेडीचे गुण, कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

रिपोर्ट उघडला की ३०० ते ९०० मधला स्कोअरचा एक मोठा आकडा दिसतो आणि लोक तिथेच थांबतात. कृपा करून थांबू नका, खाली या. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात. चौकोनात तीन शून्यं असली तर त्या महिन्याचा हप्ता वेळेवर पोचला. ०३० असेल तर तीस दिवस थकला. ०९० दिसलं, की बँकेच्या हिशेबी ते खातं बुडीत निघण्याच्या उंबरठ्यावर आलं. हे चौकोन मागच्या तीन वर्षांचे असतात, आणि कर्ज देणारा अधिकारी स्कोअरइतकेच हे चौकोन बारकाईने पाहतो.

मी बँकेच्या कर्ज विभागात काम केलंय, म्हणून एक प्रसंग सांगतो. एक शिक्षक घरकर्जासाठी आले होते. पगार नियमित, स्वतःचा एकही हप्ता चुकलेला नाही. रिपोर्टमध्ये मात्र एक वाहनकर्ज, आणि त्याचे चौकोन ०३०, ०६०, ०९० असे चढत गेलेले. "साहेब, मी गाडी घेतलीच नाही," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचं खरंच होतं. गाडी सहकाऱ्याची होती, हे फक्त जामीन राहिले होते. खात्याच्या प्रकारापुढे 'गॅरंटर' असं लिहिलेलं होतं.

आपल्याकडे जामीन राहणं हा नात्याचा, भिडेचा मामला आहे. मेहुण्याला, शेजाऱ्याला, शाळेतल्या सहकाऱ्याला नाही म्हणवत नाही. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणून तुम्ही कुणाला जामीन असाल तर त्याच्या हप्त्यांची चौकशी करण्यात संकोच बाळगू नका. ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये आहे.

दुसरी अडचण तडजोडीची. क्रेडिट कार्डाची थकबाकी वाढते, वसुलीवाला फोन करतो, "निम्मे भरा, प्रकरण मिटवू." माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण रिपोर्टमध्ये त्या खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पुढच्या बँकेला त्यातून कळतं, की पूर्ण पैसे आले नाहीत. हा शेरा पुढे कित्येक वर्षं नडतो. जमेल तेव्हा उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज म्हणजे बाकी नसल्याचं पत्र घ्या आणि क्रेडिट कंपन्यांना खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवा, असं कर्ज देणाऱ्याला लेखी सांगा. पूर्ण फेडलेलं कर्जही कधी कधी चालू दिसतं. म्हणून ते पत्र जपून ठेवा.

नावांचा घोळही होतो. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन-तीन माणसं असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या नोंदी कधी दोन नावांत विभागल्या जातात. पॅन, जन्मतारीख, पत्ता नीट ताडून पाहा. तुम्ही न घेतलेलं एखादं छोटं ॲपचं कर्ज दिसलं तर तुमच्या कागदपत्रांचा कुणीतरी गैरवापर केलेला असू शकतो. तेव्हा पोलिसांत तक्रार करायला उशीर करू नका. कर्जाच्या अर्जावरून कुणी तुमचा रिपोर्ट मागवला, त्या चौकश्यांची यादीही वाचा. शोरूममधून तुमचा अर्ज एकाच वेळी चार ठिकाणी गेला तर चारही चौकश्या तिथे उमटतात.

चूक सापडली तर क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते, त्याला पैसे लागत नाहीत. कंपनी स्वतः नोंद बदलू शकत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते. त्याला उत्तरासाठी २१ दिवस, आणि सगळं मिळून ३० दिवस. त्यात निकाल लागला नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

"सिबिल साफ करून देतो, पाच हजार द्या" असं म्हणणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता. त्यांना पॅन आणि ओटीपी अजिबात देऊ नका.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२२ पासून या क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. तक्रार ऑनलाइन करता येते, तिलाही फी नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा फोन नंबर आहे १४४४८. पुन्हा सांगतो, एक चार चार चार आठ.

नमस्कार.