फराळ बिघडतो कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटून झालं की पुढच्या वीसेक दिवसांत लक्ष्मीपूजन दारात येतं. या वीस दिवसांत घरातलं रोजचं जेवण चुकत नाही, डबे चुकत नाहीत, कामावर जाणं चुकत नाही, आणि वरून फराळ. म्हणून आज पदार्थांची मोठी यादी सांगणार नाही. मोजकेच पदार्थ, पण ते कुठं आणि का बिघडतात हे सांगतो. फराळातले निम्मे बिघाड प्रमाणाचे नसतात. ते आचेचे आणि ओलाव्याचे असतात.

सगळ्यात आधी गिरणी गाठा. वसुबारस जवळ आली की कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत गिरणीसमोर डब्यांची रांग लागते. मग घाईत तुमची भाजणी गव्हावर दळली जाते. गव्हाचं पीठ मिसळलेल्या भाजणीची चकली चिवट होते. म्हणून दळण लवकर न्या आणि ‘तांदळावर नाहीतर डाळीवर दळून द्या’ असं आवर्जून सांगा.

चौघांच्या घराला भाजणीचं हे माप पुरतं. तांदूळ अर्धा किलो, हरभरा डाळ पाव किलो, उडीद डाळ 125 ग्रॅम, धणे 25 ग्रॅम, जिरे 10 ते 15 ग्रॅम. तांदूळ आणि डाळी धुऊन निथळून सावलीत सुती कापडावर पसरा. आपल्याकडं परतीचा पाऊस कधी दसऱ्यापर्यंत रेंगाळतो, हवा दमट असते. अशा वेळी पंख्याखाली रात्रभर ठेवा. आतून ओलसर राहिलेला तांदूळ वरून भाजल्यासारखा दिसतो आणि आत कच्चाच राहतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. तांदूळ फुलून हाताला हलका लागला पाहिजे. डाळीचा खमंग वास आला, रंग गुलाबीकडं झुकला की उतरवायची. एकत्र भाजलं तर जिरे जळतात आणि हरभरा डाळ कच्ची राहते. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा.

आता चकली. दोन वाट्या भाजणीला दोन वाट्या पाणी. पाण्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, तिखट, थोडी हळद, चमचाभर ओवा आणि दोन चमचे तीळ घालून उकळा. गॅस बंद करून भाजणी घाला, उलथण्यानं हलवून झाकण ठेवा. वीस मिनिटं उघडून बघायचं नाही. मग कोमट पाण्याचा हात लावत चांगलं मळा. सगळं पीठ एकदम मळू नका. सोऱ्यात मावेल तेवढाच गोळा मळून घ्यायचा, बाकीचा झाकून ठेवायचा.

सोऱ्यातून पडताना चकली तुटायला लागली, तर पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी पडलंय. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. काटे पडत नसतील तर पीठ सैल झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. तेलात सोडल्यावर विरघळायला लागली तर मोहन, म्हणजे पिठातलं तेल, जास्त झालंय. त्यालाही थोडी कोरडी भाजणी हाच उपाय. म्हणून पहिली एकच चकली तळून बघा, सगळ्या वळून ताटं भरून ठेवू नका.

आणि आच. पिठाचा हरभऱ्याएवढा गोळा तेलात टाका. तो आधी खाली जाऊन सावकाश वर आला तर तेल बरोबर तापलंय. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, चकली तेल पिणार. पडताक्षणी उसळून वर आला आणि लगेच लाल झाला, तर बाहेरून करपणार, आतून मऊ राहणार. चकल्या सोडल्यावर मिनिटभर झारा लावायचा नाही, मग मध्यम आचेवरून मंदाकडं यायचं. तेलातले बुडबुडे बघत राहा. सुरुवातीला भरपूर फेस असतो. आतलं पाणी वाफ होऊन जातंय, त्याचा तो फेस. बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली झाली. रंग आला म्हणून त्याआधीच काढली, तर त्या दिवशी कुरकुरीत लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ. ‘भाजणीच वाईट होती’ असं म्हणून गिरणीवाल्याच्या नावानं खडे फोडले जातात ते इथंच.

हवेनं मऊ पडलेली चकली जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं परतली की सुधारते. मोहन जास्त होऊन भुसभुशीत झालेली मात्र सुधारत नाही, ती खाऊन टाकायची!

तळणीचा क्रम धरला तर तेल वाचतं. आधी शंकरपाळी आणि करंज्या, मग शेव, शेवटी चकली. उलट केलं तर चकलीतलं तिखट-हळद तेलात उतरतं आणि करंजी पिवळी पडते, वर वास लागतो तो वेगळाच. उरलेलं तेल गार झाल्यावर गाळून घ्या आणि आठवड्याभरात फोडणीला संपवा. पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नका. रंग काळपट झाला, तापताना फेस यायला लागला, धूर लवकर सुटला, तर ते तेल टाकायचंच.

शंकरपाळीला फार बोलायला नको. दूध, साखर आणि तूप समान, एकेक वाटी. साखर विरघळेपर्यंत कोमट करा, गार होऊ द्या, मग त्यात मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार-पाच वाट्या. तेलात सुटली तर मैदा कमी, दगड झाली तर मैदा जास्त.

बेसनाच्या लाडवाला लाडूचं जाडसर बेसन घ्या. बारीक बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो. दोन वाट्या बेसनाला पाऊण ते एक वाटी तूप, मंद आचेवर अर्धा तास. बेसन सैल होऊन तूप सुटलं की दुधाचा हबका मारा, रवाळपणा येतो. पिठीसाखर सव्वा वाटी, पण मिश्रण कोमट झाल्यावर. गरमात घातली की साखर वितळते आणि लाडू ताटात बसतात.

अनारशाला आपल्याकडचा गूळ आहेच, पण बघून घ्या. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, गुऱ्हाळंही याच सुमारास पेटायला लागतात. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसला म्हणून भुलू नका, असा रंग बऱ्याचदा रसायनानं आणलेला असतो. जरा तपकिरी, फोडल्यावर कणीदार दिसणारा गूळ अनारशाला चांगला. चिकीचा गूळ संक्रांतीच्या लाडवाला ठेवा. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग सावलीत पसरून दमट असतानाच दळून चाळा. पिठाइतकाच वजनानं किसलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळा करून चार-पाच दिवस मुरवा. म्हणजे अनारसा धनत्रयोदशीला हवा असेल तर तांदूळ आठ-नऊ दिवस आधी भिजत पडले पाहिजेत. अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून विरघळला, तर गूळ किंवा ओल जास्त झाली, त्याच तांदळाचं थोडं पीठ मिसळा. कडक झाला तर गोळ्यात पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करा. खसखशीची बाजू वर ठेवून तळा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं.

वेळच नसेल, तर भडंग करा. आपल्या भागाचं हे खरं फराळाचं, आणि अर्ध्या तासाचं काम. पाव किलो जाड चुरमुरे आधी कोरडेच मंद आचेवर परता, दाबल्यावर चुरचुर आवाज आला पाहिजे. पाच-सहा मोठे चमचे तेलात वाटीभर शेंगदाणे लाल करून बाजूला काढा. त्याच तेलात लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या सालासकट ठेचून, मग कढीपत्ता. इथं घाई करू नका. लसणात आणि कढीपत्त्यात ओल राहिली तर सगळं भडंग दोन दिवसांत मऊ पडतं. दोन्ही कुरकुरीत झाले की गॅस बंद करून मग तिखट, हळद, मीठ, दोन चमचे मेतकूट, चमचाभर पिठीसाखर, शेवटी चुरमुरे आणि दाणे. गॅस चालू असताना तिखट घातलं तर जळून काळं पडतं.

करंजी-शेव विकत आणली तर त्यात कमीपणा कसला? चकली, लाडू आणि भडंग घरात झालं की ताट भरलेलं दिसतं.

आता रोजचं जेवण. तळणीच्या दिवशी पोळी-भाजी-आमटी-भात असा घाट घालू नका. त्या दिवशी अख्खा मसूर आणि भाकरी. वाटीभर मसूर दोन तास भिजवून कुकरला दोन शिट्ट्या. दाणा अख्खा दिसावा, बोटानं दाबला की मोडावा. तीन मोठे चमचे तेलात दोन बारीक चिरलेले कांदे चांगले तांबूस करा, एक टोमॅटो घाला, आच कमी करून दोन चमचे घरची कांदा-लसूण चटणी. चटणी तेलात अर्धा मिनिट परतली की लगेच मसूर आणि दोन वाट्या उकळतं पाणी. पाणी गार घातलंत तर कट वर येत नाही. मीठ शेवटी चाखून घाला, चटणीत ते असतंच. दहा मिनिटं मंद उकळी, वरून कोथिंबीर.

सोबत खर्डा. आठ-दहा हिरव्या मिरच्या, तेवढ्याच लसूण पाकळ्या आणि मूठभर शेंगदाणे चमचाभर तेलावर तव्यात परता. मिरचीवर पांढरट फोड आले की मीठ घाला आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं खरडा. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याची पातळ चटणी होते, ते टाळा. गोड आणि तळकट खाऊन जीभ कंटाळलेली असते, तेव्हा दही, भाकरी आणि हा खर्डा ताटात सगळ्यात आधी संपतो.

भाऊबीजेला मात्र बऱ्याच घरांत मटण शिजतं आणि तिथं पांढरा रस्सा फुटतो. अर्धा किलो मटणाला आलं-लसूण आणि मीठ लावा, हळद नाही. सव्वा लिटर गरम पाण्यात ते शिजवा. त्यातलं अर्धा लिटर अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पांढऱ्याला, बाकीचं तांबड्याला. एक चमचा खसखस कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून आठ-दहा काजू आणि चमचाभर पांढऱ्या तिळांबरोबर गंधासारखी वाटा. चमचाभर तुपात दालचिनी, तीन-चार लवंगा, दोन वेलदोडे, थोडी मिरी आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या घाला. मग अळणी आणि वाटण घालून पाच-सात मिनिटं उकळा. आता आच अगदी बारीक करा आणि एका नारळाचं घट्ट दूध ओता. ढवळत राहायचं. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद. पुढं खळखळून उकळी आली की नारळाचं दूध फाटतं, वर तेलाचे थेंब तरंगतात आणि खाली दाणेदार चोथा बसतो.

पाहुणे वेळेवर येतील याचा भरवसा नसतो, म्हणून नारळाचं दूध वेगळंच ठेवा आणि ताटं मांडल्यावर घाला. आधीच घालून झालं असेल तर रस्सा पुन्हा गॅसवर थेट ठेवू नका. पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून, ढवळत तापवा. थोडा फुटलाच तर दोन चमचे काजूची पेस्ट घालून मिक्सरमधून एकदा फिरवा, दिसायला पुष्कळ सुधारतो. त्यानंतरही पुन्हा उकळू नका, तसाच वाढा.

नमस्कार.