पैठणीचा रंग आणि आपला मॉनिटर

(लातूरला छायाचित्रकारांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. लग्नसराई आटोपल्याशिवाय आपल्याला असं एकत्र बसायला मिळत नाही. औसा, निलंगा, उदगीर, थेट परळीहूनही माणसं आलीत. मला विषय दिलाय 'फोटो एडिटिंगसाठी मॉनिटर कसा निवडावा'. त्याकडे येतोच, पण त्याआधी एका पैठणीची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मॉनिटरचं बोलता येणार नाही मला.

अंबाजोगाईकडचं लग्न होतं. नवरीच्या अंगावर वांगी रंगाची पैठणी, हिरवे काठ, पदरावर मोर. आठ दिवस रात्री जागून अल्बम केला आणि स्वतः घरी नेऊन दिला. नवरीच्या आईनं शांतपणे सगळी पानं उलटली आणि म्हणाल्या, "दादा, समदं चांगलं केलाव. पण ही आमची पैठणी न्हाय. आमची वांगी हाय, ह्यात तर चॉकलेटी दिसायलीय." मी म्हटलं, मावशी, हॉलमधल्या लाइटमुळं असेल. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, मलमलच्या कपड्यात गुंडाळलेली पैठणी आणली, खिडकीपाशी उजेडात अल्बमवर पसरली. मला बोलायला काही उरलंच नाही.

तिथून तडक अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये गेलो, तावातावानं. लॅबवाल्यानं माझीच फाइल त्याच्या मॉनिटरवर उघडली. तिथंही चॉकलेटी! म्हणजे छपाई बरोबर होती, चूक माझ्या टेबलावर होती. माझा मॉनिटर स्वस्तातला, टीएन पॅनलचा, म्हणजे पडद्याच्या स्वस्त जातीचा. दुकानदारानं 'एकदम ब्राइट' म्हणून दिलेला, आणि मी तो कारखान्यातून आला तसाच वापरत होतो: उजेड पूर्ण, रंग थंड, निळसर. निळसर स्क्रीनवर चेहरे फिके दिसायचे, म्हणून मी फोटोत पिवळा वाढवत गेलो. जांभळ्यात पिवळा मिसळला की काय होतं, हे शाळेत रंगपेटी वापरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. वर स्क्रीन भगभगीत, म्हणून फोटो मुद्दाम गडद केले. झाली वांगीची चॉकलेटी. त्या घरी तो अल्बम पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना दाखवला जाणार होता. मी तो पुन्हा छापून दिला, पैसे घेतले नाहीत. पण मावशींचं ते 'ही आमची न्हाय' अजून कानात आहे.

पैठणी मुळात अवघडच. ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या रंगाचा, म्हणून ती धूपछाँव, हलवली की रंग बदलते. ते हलणं एका फोटोत पकडता येत नाही, मान्य. पण विणकरानं रंग निवडताना विचार केलेला असतो, आईनं दुकानात बसून दहा साड्या उलगडून एक निवडलेली असते. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांतला निळा आठवा. तो लाजवर्द दगडाचा, आणि हा दगड अफगाणिस्तानातून यायचा. पंधराशे वर्षांपूर्वी एका निळ्यासाठी माणसं एवढ्या लांबून दगड आणवत होती. आपल्याला तर नुसती स्क्रीन नीट लावायचीय.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतात. मग भराभर सांगतो, लिहून घ्या.

पॅनलच्या टीएन, व्हीए, आयपीएस अशा जाती असतात, त्यातलं आयपीएसच घ्या. टीएनवर मान जरा खाली-वर केली तरी रंग बदलतो. व्हीएचा काळा गडद असतो, पण बाजूनं पाहिलं की सावल्या बदलतात. एसआरजीबी म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा नेहमीचा ठरलेला संच; खोक्यावर 'एसआरजीबी 100 टक्के' बघा. एनटीएससी हे रंगांचं जुनं माप; नुसतं '72 टक्के एनटीएससी' असेल तर साधारण तेवढंच धरा. '45 टक्के' असेल तर तो एडिटिंगसाठी घेऊ नका, लॅपटॉपलाही हेच लागू. अॅडोबी आरजीबी हा एसआरजीबीहून मोठा रंगसंच; त्यासाठी जास्तीचे पैसे तेव्हाच घाला, जेव्हा तुमची लॅब त्या संचातली फाइल घेते. अल्बम, फ्लेक्स आणि मोबाइल एवढंच काम असेल तर एसआरजीबी पुरतो. डेल्टा ई म्हणजे रंगातली चूक, ती 2 च्या आत हवी.

आकार म्हणाल तर 24 इंचाला फुल एचडी चालतं. 27 इंचाला मात्र 2560 गुणिले 1440 पिक्सेल तरी हवेत, नाहीतर अक्षरं आणि कडा फुटलेल्या दिसतात. फोर-के चांगलंच, पण आधी कॉम्प्युटरला ते झेपतंय का बघा. 144 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 144 वेळा बदलणारं चित्र, हे गेम खेळणाऱ्यांसाठी, त्यावर पैसे घालू नका. त्याऐवजी उंची कमीजास्त होणारा स्टँड घ्या, मान वाचेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कितीही महाग मॉनिटर घेतला तरी तो कॅलिब्रेट करावाच लागतो, म्हणजे रंग यंत्रानं मोजून जुळवून घ्यावे लागतात. पांढऱ्याची छटा 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) 2.2, उजेड 100 ते 120 निट्स, निट म्हणजे उजेडाचं माप. दर महिन्याला एकदा, आणि मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मगच. कलरीमीटर, म्हणजे हे रंग मोजणारं यंत्र, एकट्याला महाग पडतो, तर पाच जणांनी मिळून घ्या. खोलीतला पिवळा बल्ब काढा, पाठीमागची भिंत गुलाबी-हिरवी असेल तर राखाडी करून घ्या. प्रिंट तपासायची तर खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, मावशींनी तपासली तशी.

माझा कलरीमीटर आज पिशवीत आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलाय त्यांनी तो आत्ताच चालू करून ठेवा आणि चहा झाला की मागच्या टेबलाशी या. एका स्क्रीनला दहा मिनिटं लागतात.