एकास एकशे चव्वेचाळीस

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या मामांनी उमेदीची चार वर्षं दिल्लीच्या पोटात काढली. ही दिल्ली म्हणजे आपल्या नौदलाची आय.एन.एस. दिल्ली, एक क्रूझर, म्हणजे मोठी, वेगवान युद्धनौका. मामा तिच्यावर स्टोकर होते, बॉयलर सांभाळायचे. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीने दीववर तोफा डागल्या तेव्हा मामा खाली बॉयलर रूममध्येच होते. त्यांना युद्ध दिसलं नाही. पायाखालचा पत्रा थरथरला, तेवढं त्यांना कळलं. तेच जहाज मी गेल्या दीड वर्षात सिंहगड रोडवरच्या आमच्या बाल्कनीत बांधलं, १४४ पट लहान. ते शोकेसमध्ये ठेवायला बांधलेलं नाही. ते रेडिओवर चालतं, गोळ्या झाडतं, गोळ्या खातं आणि पुरेशी भोकं पडली की खरोखर बुडतं.

रेडिओवर बोट चालवणं ही जुनी गोष्ट आहे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी हौदात एक छोटी बोट तारेशिवाय फिरवून दाखवली होती. तुम्ही आत्ता माझा आवाज ज्या लहरींवर ऐकता आहात, त्याच कुळातल्या लहरी माझ्या दिल्लीचं सुकाणू वळवतात. लढाऊ मॉडेलचा छंद मात्र अलीकडचा. तो अमेरिकेत रुजला, आणि तिथल्या क्लबांनी घालून दिलेले नियमच आम्ही चौघे मित्र इथे पाळतो.

नियम थोडक्यात सांगतो. जहाज विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यातलं, खरोखर अस्तित्वात असलेलं हवं. प्रमाण एकास एकशे चव्वेचाळीस. कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर तोफेतून साडेचार मिलिमीटरची पोलादी गोळी सुटते. जहाजाची कातडी बाल्सा लाकडाची, जाडी जेमतेम ०.८ मिलिमीटर. पाण्याच्या रेषेच्या वर भोक पडलं तर समोरच्याला १० गुण, रेषेवर २५ आणि रेषेखाली ५०. आणि काठावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, मग तो नुसता बघायला आलेला शेजारी का असेना. यात आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

आता बांधणीकडे येतो. माझा जीव अडकलाय तो तिथेच.

खरी दिल्ली १६९ मीटर लांब होती. म्हणजे माझी ११७ सेंटिमीटर, पहिलीतल्या मुलाच्या उंचीएवढी. रुंदी मात्र पावणेबारा सेंटिमीटर, माझ्या वितीपेक्षाही कमी. पुढचा हिशेब वजनाचा. लांबी १४४ पटींनी कमी झाली की वजन १४४ च्या घनाने कमी होतं, आणि हा घन जवळजवळ तीस लाख भरतो. सगळा सरंजाम चढवल्यावर दिल्लीचं वजन ९,००० टनांच्या पुढे जायचं. ९,००० टन म्हणजे नव्वद लाख किलो. भागून पाहा, उरतात तीन किलो. या तीन किलोंत सांगाडा, दोन मोटरी, बॅटरी, गॅसची बाटली, तोफा, सुकाणू वळवणारी छोटी सर्व्हो मोटर, रिसीव्हर आणि पंप, सगळं बसवायचं. खऱ्या जहाजावर मुळात सहा इंची आठ तोफा होत्या. माझ्या जहाजावरच्या दोनच झाडतात, बाकीच्या सहा दिसण्यापुरत्या.

आराखडा मी अप्पा बळवंत चौकाजवळ मोठ्या कागदावर छापून घेतला. फासळ्या प्लायवूडच्या, कणा त्याच लाकडाचा, तळ फायबरग्लासचा. जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यांसाठी पितळी नळ्या बोहरी आळीत मिळाल्या, मोटरी तपकीर गल्लीत. नळीत ग्रीस ठासून भरायचं, नाहीतर दांडीच्या कडेने पाणी आत येतं. बाल्साला मात्र पुण्यात बसून वाट पाहावी लागली. हे लाकूड मुख्यत्वे इक्वेडोरमधून जगभर जातं, आणि आपल्या पावसाळ्यात ते दमट होऊन पापडासारखं वाकतं. आता बाल्साचे ताव मी गादीखाली ठेवतो.

गॅसबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या हवेशी निगडित आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसपर्यंतच दाबाखाली द्रवरूपात राहू शकतो. त्यापुढे द्रव आणि वायू हा भेद मिटतो आणि भरलेल्या बाटलीतला दाब भराभर चढतो. पुण्याचा एप्रिल अडतीस-चाळीस अंशांचा. म्हणून बाटली कधीही उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायची नाही. आम्ही ती ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवतो, आणि लढाया हिवाळ्यात, सकाळी घेतो. रेग्युलेटर लावून तोफेपर्यंतचा दाब १५० पीएसआयच्या आत ठेवतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतो, त्यावरून अंदाज करा.

पण श्रोतेहो, तोफा हा या छंदातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते पाणी. साधी बोट बांधणारा पाणी आत येऊ नये म्हणून झटतो. आमच्या जहाजात पाणी येणारच. ते आल्यावर त्याने कुठून जायचं, हे आधी ठरवायचं असतं. मोकळ्या पोटात पेलाभर पाणी शिरलं तरी जहाज जरा कललं की ते सगळं त्या बाजूला धावतं, मग जहाज आणखी कलतं, मग आणखी पाणी धावतं. जहाज भरून बुडण्याआधी उलटतं ते यामुळे. म्हणून तळात मधोमध एक अरुंद चर ठेवायचा, दोन्ही बाजू हलक्या फोमने भरून काढायच्या, आणि चराला नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, आणि पिछाडीकडून पंपाकडे उतार द्यायचा. भोक कुठेही पडो, पाणी चरात उतरलं पाहिजे आणि पंपाखाली आलं पाहिजे. शेतात पाट काढतात तसंच हे काम आहे, फक्त बोटभर रुंदीत. या उतारासाठी मी तीन वेळा आतला भाग उखडून काढला. बाथरूममध्ये टबात जहाज धरून, वाटीने पाणी ओतून, ते किती सेकंदांत पंपाशी पोचतं हे घड्याळ लावून पाहिलं. माझ्या मते हे काम ज्याने मन लावून केलं, त्याने निम्मी लढाई घरीच मारली.

लढाई आम्ही सासवडच्या बाजूला, एका मित्राच्या शेताजवळच्या तळ्यात केली. पाणी कमरेच्या वर नको, कारण बुडालेलं जहाज हाताने काढायचं असतं. जहाजात दोरी बांधलेला एक बुचाचा तुकडाही असतो. जहाज तळाला गेलं की तो वर तरंगतो आणि जागा दाखवतो.

समोर चिंचवडच्या मित्राची ग्राफ श्पे, ही जर्मन युद्धनौका होती. ही जोडी ठरवून लावलेली. आपली दिल्ली १९४८ मध्ये भारताकडे आली. त्याआधी ती न्यूझीलंडकडून लढणारी ॲकिलीज होती. १३ डिसेंबर १९३९ रोजी, दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर, एक्झेटर, एजॅक्स आणि ॲकिलीज या तीन क्रूझरनी जर्मनीच्या ग्राफ श्पेला गाठलं. श्पेच्या तोफा २८ सेंटिमीटरच्या, यांच्या त्याहून बऱ्याच लहान. म्हणून ते फुटून दोन बाजूंनी चालून गेले, श्पेला नेम वाटून घ्यावा लागला. ॲकिलीजवर चार जण मारले गेले. चार दिवसांनी श्पेच्या कप्तानाने माँटेव्हिडिओबाहेर आपलं जहाज स्वतःच बुडवलं.

आमच्याकडे एक्झेटर नव्हती. माझ्याच साच्यातून दुसऱ्या मित्राने एजॅक्स काढली होती, ती दोन्ही जहाजं मूळची बहिणीच. ती डावीकडून, मी उजवीकडून. पहिली काही मिनिटं डाव जमला. श्पे एजॅक्सकडे वळली की मी तिच्या पिछाडीला लागायचो. चट् चट् असा बाल्सा फाटल्याचा आवाज काठापर्यंत येतो, तो ऐकताना अंगावर काटा येतो. मग मी वळण फार मोठं घेतलं आणि माझी संपूर्ण उजवी बाजू तिच्यासमोर आली. पंपाची बारीक धार बाहेर उडताना दिसत होती. एकाएकी ती थांबली. दिल्ली नाळेवर झुकली, डोलकाठी तिरकी झाली आणि मिनिटभरात पाण्यावर फक्त बूच उरलं.

घरी येऊन जहाज पालथं घातलं, तर पंपाच्या तोंडात बाल्साची नखाएवढी ढलपी अडकलेली. गोळीनेच आत ढकललेली. चर बरोबर होता, उतार बरोबर होता. पाणी नेमकं पंपाशी आलं, आणि सोबत कचराही घेऊन आलं.

रविवारी जहाज मामांकडे नेलं. आता वय झालंय, दिसतं कमी. त्यांनी ते मांडीवर आडवं घेतलं आणि उजव्या बाजूवरून बोट फिरवत भोकं मोजली. सात. रेषेखाली दोन. मग एकच प्रश्न विचारला, "पंप चालू होता ना रे?"

मी ढलपीचं सांगितलं.

"सक्शनला जाळी नव्हती लावली?" मामा म्हणाले. "अरे, आम्ही ती रोज काढून धुवायचो."

सोमवारी बोहरी आळीतून चहाच्या गाळणीची बारीक पितळी जाळी आणली. भोकांवर बाल्साच्या चकत्या बसवल्या, वरून पतंगाचा कागद चिकटवला आणि रंगाचा एक हात दिला. जाळी पंपाच्या तोंडावर सहज निघेल अशी लावली आहे. आता टब भरायचा आणि यावेळी पाण्यात बाल्साचा चुरा टाकून बघायचं.

नमस्कार.