बेल्सनच्या अधिकाऱ्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

२८ जानेवारी १९४८. बीबीसीच्या 'थर्ड प्रोग्राम'वर दोन माणसं समोरासमोर बसली. ईश्वर आहे की नाही, एवढाच विषय. एक होते बर्ट्रांड रसेल, वय ७५, गणिताची मुळं तर्कशास्त्रात शोधणारे आणि ख्रिस्ती धर्मावर आयुष्यभर उघड टीका केलेले. दुसरे फादर फ्रेडरिक कोपल्स्टन, वय ४०. ते जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू होते आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास खंडाखंडाने लिहायला त्यांनी नुकती सुरुवात केली होती. युद्ध संपून तीन वर्षंही झाली नव्हती, इंग्लंडमध्ये धान्य अजून रेशनवर मिळत होतं, आणि अशा दिवसांत एक नभोवाणी केंद्र आपल्या श्रोत्यांना असा विषय ऐकायला देत होतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

सुरुवात कोपल्स्टन यांनी केली. ईश्वर म्हणजे जगाहून वेगळा, जगाचा निर्माता असा परमपुरुष, एवढा अर्थ धरून बोलू या का, असं त्यांनी विचारलं. रसेल म्हणाले, चालेल. मग कोपल्स्टन यांनी विचारलं, तुमची भूमिका नास्तिकाची, की ईश्वर आहे-नाही हे कळू शकत नाही असं मानणाऱ्या अज्ञेयवाद्याची? रसेल म्हणाले, अज्ञेयवाद्याची. कशाबद्दल भांडायचं हे आधी ठरवून घेतल्यामुळे पुढचं सगळं बोलणं एकाच वाटेने गेलं. आपल्याकडच्या जुन्या वादसभांतही पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडता येत नसे.

पहिला भाग जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्झच्या वाटेने गेला. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या असण्यासाठी दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असते. मग या साऱ्याला पुरेसं कारण असलं पाहिजे, असं कोपल्स्टन यांचं म्हणणं. रसेल यांचं उत्तर असं की प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीलाही एक आई असलीच पाहिजे असं होत नाही. विश्व आहे, बस्स, इतकंच आपण म्हणू शकतो. यावर कोपल्स्टन म्हणाले, जो बुद्धिबळाच्या पटाशी बसायलाच तयार नाही, त्याच्यावर मात करणार तरी कशी? वाक्य चटकदार आहे, पण इथे मी रसेल यांच्या बाजूचा आहे. एखादा प्रश्न नीट तयारच झालेला नाही असं म्हणणं म्हणजे पळ काढणं नव्हे.

धार्मिक अनुभवावरही ते बरंच बोलले. तो भाग मी सोडून देतो, कारण माझ्या मते खरा कस लागला तो त्यानंतर, नीतीचा विषय निघाला तेव्हा.

चांगलं आणि वाईट यांत फरक कशावरून करता, असं कोपल्स्टन यांनी विचारलं. रसेल म्हणाले, निळा आणि पिवळा रंग ज्यावरून ओळखतो, त्यावरूनच. ते डोळ्यांनी दिसतात, हे मनाला जाणवतं. मग कोपल्स्टन यांनी नाझींच्या बेल्सन छळछावणीच्या प्रमुखाचा दाखला पुढे केला. त्याचं वागणं तुम्हाला आणि मला वाईट वाटतं. हिटलरला मात्र ते चांगलं वाटत असणार. त्याचं काय?

हा दाखला त्या दिवशी श्रोत्यांच्या कानावर कसा पडला असेल, याचा विचार करा. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनमध्ये शिरलं, तेव्हा रिचर्ड डिंबल्बी यांनी तिथून पाठवलेलं वार्तापत्र याच बीबीसीवर लागलं होतं. प्रेतांचे ढीग, प्रेतांच्यामध्येच पडलेली मरणपंथाला लागलेली माणसं, हे सगळं लोकांनी आपल्या घरात बसून ऐकलं होतं. छावणीचा प्रमुख योसेफ क्रामर याला त्याच वर्षी डिसेंबरात फाशी झाली होती. असा हा दाखला ऐकणाऱ्यांच्या अगदी जवळचा होता.

रसेल म्हणाले, माणसाची चूक होऊ शकते. कावीळ झालेल्याला पिवळं नसलेलंही पिवळं दिसतं. कोपल्स्टन यांनी तिथेच त्यांना अडवलं. सगळं भावनेवरच अवलंबून असेल तर चूक होणार कशी? हिटलरच्या भावनेला काय भावतं, हे हिटलरखेरीज कोण सांगणार? त्यावर रसेल यांनी इतरांच्या भावनांकडे, त्या कृत्याच्या परिणामांकडे बोट दाखवलं. माझं समाधान होत नाही. हिटलरला वाईट ठरवण्याचा रसेल यांचा आग्रह त्यांच्या सिद्धान्तापेक्षा मोठा होता, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. पण त्यामुळे कोपल्स्टन यांचा ईश्वर सिद्ध झाला असंही नाही. प्रश्न तसाच उघडा राहिला.

चांगल्या-वाईटाला आधार कशाचा, हाच प्रश्न जर्मनीत कायद्याच्या अभ्यासकांना छळत राहिला. १९६४ मध्ये एर्न्स्ट-वोल्फगांग ब्योकेनफोर्डे यांनी तो एका वाक्यात बांधला: स्वतंत्र, धर्मनिरपेक्ष राज्य ज्या आधारावर जगतं, त्या आधाराची हमी ते स्वतः देऊ शकत नाही. कारण नागरिकांच्या मनात न्यायबुद्धी असावी लागते, आणि ती सक्तीने आणू गेलं तर स्वातंत्र्यच संपतं.

पुढे १९ जानेवारी २००४ रोजी म्युनिकच्या कॅथलिक अकादमीत याच विषयावर तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास आणि कार्डिनल योसेफ रात्झिंगर यांनी एकाच व्यासपीठावर विचार मांडले. हाबरमास १९२९ चे, रात्झिंगर १९२७ चे. दोघांचंही पोरवय नाझी राजवटीत गेलेलं. रात्झिंगर पुढच्याच वर्षी पोप झाले.

हाबरमास यांनी आपली जागा सोडली नाही. लोकशाही आपल्या कायद्यांचं समर्थन विवेकाच्या बळावर करू शकते, तिला धर्माच्या टेकूची गरज नाही, हे त्यांनी ठामपणे मांडलं. पण बाजाराच्या रेट्यापुढे माणसामाणसांतला आपलेपणा आटत गेला तर तो कुठून भरून काढायचा, हेही त्यांनी विचारलं. माणूस ईश्वराच्या प्रतिमेसारखा घडवला गेला, या श्रद्धेतून सर्व माणसांच्या समान प्रतिष्ठेचा विचार सगळ्यांना पटेल अशा भाषेत आला; असं धन धर्माच्या पोटात अजून असेल, तर निधर्मी माणसाने ते ऐकून घ्यावं, असं ते म्हणाले. रात्झिंगर म्हणाले, बहुमतही आंधळं होऊ शकतं. आणि पुढे त्यांनी जे कबूल केलं ते एका कार्डिनलच्या तोंडून ऐकायला मिळणं सोपं नाही: धर्मालाही विकार जडतात, भयंकर विकार, आणि तेव्हा विवेकानेच त्याला ताळ्यावर आणावं लागतं. तसाच विवेकही विकृत होतो, अणुबॉम्ब हे त्याचंच फळ. गोव्याच्या श्रोत्यांना धर्माचा विकार समजावून सांगायला नको. १५६० मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, आठवण तिथे अजून आहे.

त्याच भाषणात रात्झिंगर यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली. ख्रिस्ती श्रद्धा असो की पाश्चात्त्य बुद्धिवाद, साऱ्या जगाला मान्य होईल असं यातलं एकही नाही. म्हणून भारताच्या आणि चीनच्या परंपरांनाही या बोलण्यात घेतलं पाहिजे. व्यासपीठावर मात्र दोघेही जर्मनच होते. आपल्याकडे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी चारचौघांत वाद घालत होते, आणि ते वाद छापूनही निघाले. तेव्हा मराठीला अशा बोलण्याची सवय नाही असं कुणी म्हणू नये. कीर्तनकार असो, दर्शनांचा प्राध्यापक असो की पक्का निरीश्वरवादी, यांपैकी दोघांनी या माइकसमोर बसून, एकमेकांना न तोडता, बेल्सनच्या त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या परंपरेतून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मी ते पहिल्या शब्दापासून ऐकेन.

नमस्कार.