देवासचे निर्गुणी: कुमार गंधर्व

(दृश्य: देवासची टेकडी, पायथ्याचा रस्ता, कुमारजींच्या 'भानुकुल' घराचं फाटक)

माळव्यातलं देवास. पवारांचं जुनं संस्थान, त्यामुळे मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली. १९४८ च्या जानेवारीत मुंबईहून एक तेविशीतला गवई या गावी राहायला आला. मैफलीसाठी नव्हे, हवापालटासाठी. त्याला क्षय झाला होता.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणाऱ्या या मुलाला 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली आणि तेच त्याचं नाव होऊन बसलं. पुढे मुंबईत बी. आर. देवधर मास्तरांकडे तालीम झाली. नाव गाजू लागलं आणि त्याच सुमारास आजारानं गाठलं. डॉक्टरांनी गाण्याला साफ मनाई केली.

ही मनाई काही वर्षं टिकली. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचं नवं औषध लागू पडलं. गाता येत नव्हतं, म्हणून कुमारजी ऐकत राहिले. माळवी बायका लग्नात, सणावारी गात ती गाणी. दारावरून जाणाऱ्या जोग्यांची भजनं. या लोकधुनांतून पुढे त्यांना नवे राग सापडले. पण आपण आज थांबणार आहोत ते निर्गुणी, म्हणजे निराकार देवाला आळवणाऱ्या, भजनांपाशी.

(ध्वनी: तंबोरा, 'सुनता है गुरु ग्यानी' या पदाची सुरुवात)

बनारसच्या विणकर कबीराची वाणी माळव्याच्या गावागावांत रात्र रात्र गायली जाते. तिच्यात नाथपंथी योग्यांची परिभाषा आहे आणि सूफींना आपला वाटेल असा निराकाराचा ध्यासही. देवासातच नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी, म्हणजे योग्याचा पवित्र अग्नी, आहे. तिथल्या परंपरेतली पदं कुमारजींनी जिवाशी धरली.

आपल्याकडे मैफलीत भजन यायचं ते बहुधा शेवटी, श्रोत्यांना गोडव्यात निरोप देण्यासाठी. कुमारजींचं निर्गुण तसं नाही. ते ख्यालाच्या, म्हणजे मैफलीतल्या मुख्य रागगायनाच्या, बरोबरीनं, ताठ मानेनं उभं राहतं. त्यात आर्जव नाही, देवापुढे रडणं नाही. छोटे छोटे स्वरपुंज, मध्येच सोडलेली रिकामी जागा, आणि मग तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, एकदम भिरकावलेला सूर. आजारानं श्वास आखूड केला म्हणून ही गायकी घडली, असं अनेकदा सांगितलं जातं. माझ्या मते हे अर्धंच खरं. एकट्यानं, कुणाच्या आधाराशिवाय हिंडणाऱ्या जोग्याचा बेडरपणा त्या सुरात आहे. तो फुप्फुसातून येत नाही. तो त्यांनी ऐकून, विचार करून मिळवलेला आहे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

मीरा, सूरदास, तुलसीदास, आपला तुकोबा, साऱ्यांना त्यांनी गायलं, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा ठेवला. तुकोबाचा अभंग गाताना कबीराची फेक येत नाही. १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासातच ते गेले.

भानुमतीबाई १९६१ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यानंतर वसुंधरा कोमकली कुमारजींच्या आयुष्यात आल्या, आणि गाण्यातही. आता जे पद लागेल त्यात त्यांचा आवाज शोधा. साथीचा म्हणून तो मागे दबलेला नाही. कुमारजी ओळ सोडतात तिथून त्या ती उचलतात, आणि पद दोघांचं होतं.

(ध्वनी: दोघांच्या आवाजातलं निर्गुणी भजन)