मिनीचे दार आणि त्याच्या बिजागऱ्या

जेमतेम तीन मीटर लांबीची ही गाडी एका बाजूने नीट पाहिली, तर दाराच्या पुढच्या कडेला, एकीखाली एक, दोन बिजागऱ्या उघड्यावर दिसतात. बहुतेक मोटारींत बिजागरी पत्र्याच्या आत दडलेली असते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने २६ ऑगस्ट १९५९ रोजी लोकांसमोर आणलेल्या मिनीत मात्र ती दाराच्या बाहेर बसवलेली आहे, आणि इंग्लंडमधल्या मिनींवर १९६९ पर्यंत ती तशीच राहिली. त्या वर्षी आलेल्या नव्या आवृत्तीत बिजागऱ्या आत गेल्या आणि आडव्या सरकत्या काचांच्या जागी वर-खाली फिरवायच्या काचा आल्या.

बिजागरी बाहेर ठेवण्यामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, जागेचा हिशेब होता. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगानंतर पेट्रोलच्या टंचाईतून जन्मलेल्या या गाडीचे इंजिन तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी आडवे बसवले, चाके अवघ्या दहा इंचांची ठेवली आणि प्रवाशांसाठी इंच इंच वाचवला. काच खाली सरकणारच नसल्यामुळे दाराच्या पोटात यंत्रणा नको होती; म्हणून दार पातळ झाले आणि आतल्या बाजूला सामान ठेवायला ऐसपैस खण मिळाले. अशा पातळ दारात बिजागरी लपवायला जागा कुठून येणार? ती बाहेर आली आणि पावसाच्या, धुळीच्या व हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाच्या तडाख्यात सापडली.

जुन्या मिनीचे दार उघडताना किंचित खाली बसते आणि बंद करताना उचलून लावावे लागते. पुष्कळ मालक या त्रासावर मागच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे कुलूप ज्याला अडकते तो भाग, थोडा खाली सरकवून मोकळे होतात. ही दुरुस्ती नव्हे, दुखण्यावर घातलेले पांघरूण आहे. समजा, दोन बिजागऱ्यांमध्ये चाळीस सेंटिमीटर अंतर आहे आणि दाराची लांबी नव्वद सेंटिमीटर आहे. वरची पिन, म्हणजे बिजागरीची दोन पाती जोडणारी सळी, झिजून दार तिथे अर्धा मिलिमीटर मागे सरकले आणि खालच्या पिनेवर तितकेच पुढे गेले, तर दाराचे मागचे टोक सव्वादोन मिलिमीटर खाली येते. बोटाला न जाणवणारी झीज कुलपापाशी अशी वाढून दिसते.

पाना हातात घेण्याआधी एक साधी चाचणी करावी. दार फूटभर उघडून त्याचे मागचे टोक हाताने वर उचलावे आणि दुसऱ्याला बिजागरीकडे पाहायला सांगावे. बिजागरीची दोन पाती एकमेकांत हलत असतील, तर पिन झिजली आहे. पण आख्खी बिजागरीच पुढच्या पत्र्यासकट हलत असेल, तर तो पत्रा आतून गंजलेला आहे. अशा पत्र्यावर नवी बिजागरी बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. तसेच दाराखालची तुळई गंजलेली असेल, तर ती कापून नवी बसेपर्यंत दाराला हात लावू नये, कारण दाराभोवतीच्या फटी शेवटी तिच्याच आधाराने ठरतात.

आता दार उतरवू. फटींची रुंदी आधी मोजून लिहून ठेवावी, मास्किंग टेपची एक पट्टी दारावरून मागच्या पत्र्यापर्यंत सलग आडवी चिकटवून फटीपाशी कापावी आणि बिजागरीच्या कडेने पत्र्यावर बारीक रेघ मारावी. नंतर पायांजवळचे आतले अस्तर काढले की पत्र्यामागे बिजागरीचे नट हाताला लागतात. हे काम अवघडून, उताणे पडून करावे लागते. नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडलेले बरे, कारण घाईने जोर लावला की आटे निखळतात. दार फार उघडू नये म्हणून असलेला पट्टा सोडवावा आणि दाराखाली जॅकवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर जाड कापड ठेवून दाराचे वजन त्यावर घ्यावे. दारात विजेची एकही तार नसल्यामुळे पुढचे काम सोपे आहे: खालच्या बिजागरीचे नट आधी, वरचे शेवटी, आणि त्या क्षणी दार धरायला दुसरा माणूस हवाच. बिजागऱ्या दारालाच राहू द्याव्यात. त्या टेबलावर सावकाश सोडवता येतात.

पिन ठोकून बाहेर काढली की तिच्या मधल्या भागावर झिजलेली खाच दिसते. मूळ बिजागरी शाबूत असेल, तर भोक रीमरने, म्हणजे भोक कोरून नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, एकसारखे मोठे करून किंचित जाड पिन बसवता येते. भोक लंबगोल झाले असेल, तर पितळी बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, बसवावा लागतो. बाजारात नव्या बनावटीच्या बिजागऱ्या मिळतात, पण माझे मत विचाराल तर मूळ ओतीव भाग जमेल तिथवर वाचवावा, कारण त्या गाडीच्या पत्र्याशी तो वर्षानुवर्षे जुळलेला असतो. बिजागरीखालचा पत्रा मात्र या निमित्ताने खरवडून, गंजरोधक रंग देऊन घ्यावा; पाणी नेमके तिथेच मुरते.

दार परत लावताना आधी वरच्या बिजागरीचे नट हाताने फिरवून अडकवावेत, मग खालचे. रेघा आणि टेपचे दोन तुकडे जुळल्यावर नट आवळावेत, दार चार-पाच वेळा उघडून पाहावे आणि स्ट्रायकर सर्वांत शेवटी, बसलेल्या दाराच्या मापाने, जुन्या जागी आणावा. पिनांवर तेलाचे दोन थेंब सोडावेत. आठवडाभर गाडी चालवून झाल्यावर अस्तर पुन्हा काढून नट एकदा तपासावेत, आणि मगच ते कायमचे बसवावे.