वॉट मिसाका: तीन मॅच, सात पॉइंट

हे ऑग्डन, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं रेल्वेचं गाव, आणि ही त्याची पंचविसावी स्ट्रीट. त्या काळी दारूचे गुत्ते, जुगार, सगळं इथेच, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर. या रस्त्यावर एका जपानी माणसाचं सलून होतं आणि दुकानाखाली तळघरात बिऱ्हाड. त्याचा मुलगा वातारू मिसाका तिथे वाढला, जन्म १९२३ चा, सगळे वॉट म्हणायचे. पंधराव्या वर्षी वडील गेले. आई म्हणाली, हिरोशिमाला माझ्या भावाकडे जाऊ. हा म्हणाला मी नाही येणार, मग तीही राहिली.

आता हा युटा युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा फोटो बघा, १९४४. वॉटची उंची पाच फूट सात इंच. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंबलं होतं, त्यातली टोपाझची छावणी तर याच राज्यात, आणि ऑग्डन त्या पट्ट्याबाहेर म्हणून हा मोकळा, बास्केटबॉल खेळतोय. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची फायनल, समोर डार्टमथ, ओव्हरटाइम, ४२-४०. युटा चॅम्पियन! पोरं जिंकून घरी आली तर वॉटसाठी सैन्यात भरतीचं पत्र येऊन पडलेलं. युद्ध संपल्यावर आर्मीने त्याला पाठवलं कुठे, तर हिरोशिमालाच, बॉम्बमधून वाचलेल्यांशी बोलायला.

परत आला तो थेट कोर्टवर. १९४७, तेच गार्डन, एनआयटी या दुसऱ्या मोठ्या कॉलेज स्पर्धेची फायनल, केंटकी म्हणजे तेव्हाची दादा टीम. त्यांचा राल्फ बिअर्ड हा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवडलेला गार्ड, आणि त्याला धरायचं काम मिसाकाकडे. बिअर्डच्या नावावर अख्ख्या मॅचमध्ये एक पॉइंट. एक! म्हणजे चालू खेळात बास्केट एकही नाही, काय तो फाउलवर मिळालेला एक फ्री थ्रो. युटा जिंकली, ४९-४५.

त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक टीमने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, उचललं. पुढे जिची एनबीए, अमेरिकेची मुख्य बास्केटबॉल लीग, झाली तिच्यातला हा पहिला गोरा नसलेला खेळाडू, काळे खेळाडू आले ते १९५० मध्ये. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू बेसबॉलच्या गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये उतरला तोही १९४७ मध्येच, त्याचं नाव जगाला पाठ आहे.

निक्सकडून तीन मॅच, सात पॉइंट, नोव्हेंबरमध्ये नारळ. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी बास्केटबॉल खेळणाऱ्या टीमने बोलावलं, हा गेला नाही, इंजिनिअरिंगची डिग्री पूर्ण करून सॉल्ट लेकमध्ये नोकरीला लागला, २०१९ मध्ये ९५ व्या वर्षी वारला. निक्सवर त्याने कधी राग धरला नाही, म्हणायचा, टीममध्ये गार्डच जास्त झाले होते. असतील. पण बिअर्डला एका पॉइंटवर रोखणाऱ्या गार्डला तीनच मॅच?